बुडखे तासणारे यंत्र आणि सात सुतांचा आटा

बांधावरची सुबाभूळ आणि निलगिरी तोडल्यावर त्यांचे बुडखे तसेच राहिले आणि पावसाळ्यात त्यांना पुन्हा धुमारे फुटू लागले. जेसीबी लावावा, तर बांधाच्या कडेने नदीचे पाणी आणणाऱ्या सहकारी संस्थेची पाइपलाइन जाते. मुळे उपसताना ती फुटली असती, तर साऱ्या लाभधारकांच्या उसाचे पाणी तुटले असते. म्हणून बुडखा न उपटता तो जागच्या जागी वीतभर खोलीपर्यंत तासून काढणारे चाक माझ्या २७ अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरमागे बसवायचे ठरवले.

हिशेब सोपा होता. ट्रॅक्टरचा स्वतःचा हायड्रॉलिक पंप चाक सतत फिरवण्याइतके तेल देत नाही; तो मी चाक डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या सिलिंडरसाठी ठेवला. चाकासाठी पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याच्या, मिनिटाला ५४० फेऱ्या गिअरबॉक्सने तिप्पट करून त्यावर ३२ सीसीचा, म्हणजे एका फेरीत ३२ घनसेंटिमीटर तेल ढकलणारा, गिअर पंप लावला. त्यातून मिनिटाला सुमारे ५० लिटर तेल मिळते आणि ५० सीसीची मोटर हजाराच्या आसपास फेऱ्या घेते. १२० बार दाबाला ५० लिटरने गुणून ६०० ने भागले की १० किलोवॉट, म्हणजे साडेतेरा अश्वशक्ती येते. तोटा धरूनही हे ओझे ट्रॅक्टरला पेलते. चौकट आणि जाड प्लेटमधून कापलेले चाक ही कामे कोल्हापुरात अडत नाहीत. उद्यमनगर आणि शिरोली जवळ असताना त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

अडलो ते आट्यांपाशी, म्हणजे नळ्या जोडायच्या तोंडांवरच्या पेचांपाशी. मोटर परदेशी यंत्रातून उतरवलेली, त्यामुळे तिच्या तोंडाला सात सुतांचा (७/८ इंची), इंचाला १४ आट्यांचा अमेरिकन आटा होता, आणि तिच्याकडे तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हला आपल्याकडचा नेहमीचा अर्धा इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइप आटा. या दोहोंना जोडणारे अडॅप्टर हवेत, असे मापांसह कागदावर लिहून मी होज पाइपच्या एका दुकानात दिले. दुकानदाराने कागद न वाचताच बावीस मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधले अंतर) मेट्रिक अडॅप्टर पुढे केले. सात सूत म्हणजे सव्वाबावीस मिलिमीटर, तेव्हा ते तोंडाला लागते आणि दोन-तीन फेरे फिरतेही. पण पिच वेगळी असल्यामुळे पुढे आवळते. त्यावर त्याचे ठरलेले उत्तर होते, "बसतंय की साहेब, टेफ्लॉन मारा आणि पाना लावा." समांतर, म्हणजे निमुळता न होणाऱ्या, आट्याला टेफ्लॉनने दाब अडत नाही, तिथे ओ-रिंग किंवा डाउटी वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर) हेच तेल रोखते, हे मी सांगत राहिलो आणि तो मान डोलावत राहिला. मग माल पुण्याहून मागवल्याचे कळले. तो "उद्या" यायचा होता. पुढचे कित्येक उद्या मी त्या काउंटरपुढे उभा राहून घालवले, आगाऊ पैसे त्याच्याकडे आणि उघडी मोटर शेडमध्ये धूळ खात पडलेली. शेवटी पुडी आली, तेव्हा तिच्यातही तेच मेट्रिक अडॅप्टर निघाले. त्या दुकानाच्या पायरीचा राग अजून गेलेला नाही.

सुटका केली ती त्याच गल्लीतल्या एका वयस्क टर्नरने. त्यांनी दोन्ही आट्यांना पिच गेज लावले आणि म्हणाले, "दोन्हीकडं चौदाच हाईत की. लेथचा गिअर बदलायचा न्हाई, नुसतं टूल घासायचं." अर्धा इंची बीएसपीलाही इंचाला १४ च आटे असतात, फरक व्यासाचा आणि कोनाचा, बीएसपीला ५५ अंश, अमेरिकन आट्याला ६०. ईएन-८ पोलादाच्या सळईतून त्यांनी अडॅप्टर माझ्यासमोर कापून दिले आणि ओ-रिंग बसायची जागाही तासली. ते हातात पडल्यावर मला जो आनंद झाला, तो खरे तर पूर्ण यंत्र फिरल्यावरही झाला नाही. या अनुभवावरून सांगतो, पंप, व्हॉल्व्ह आणि मोटर यांच्या प्रत्येक तोंडाचा व्यास आणि पिच व्हर्निअर व गेजने स्वतः मोजावी, आणि तोपर्यंत होजला टोके दाबून बसवून (क्रिम्प करून) घेऊ नयेत.

मागे सांगायचे राहिले ते असे. दात एक मध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे असे बसवावेत, नाहीतर चाकाच्या जाडीएवढीच खाच पडून ते लाकडात अडकते. चाकाचा भार मोटरच्या शाफ्टवर टाकू नये. स्वतंत्र बेअरिंग देऊन मध्ये कपलिंग घालावे. मोटरला केस ड्रेनचे, म्हणजे आत झिरपलेले तेल बाहेर काढायचे, तोंड असेल, तर ती नळी रिटर्न लाइनला न जोडता थेट टाकीत सोडावी, अन्यथा शाफ्टचे सील बाहेर येते. जड चाक एकदम थांबत नाही, म्हणून मोटरसाठीचाच स्पूल (तेलाची वाट बदलणारा आतला दांडा) असलेला व्हॉल्व्ह घ्यावा. सिलिंडरसाठीचा व्हॉल्व्ह लावला, तर तो बंद करताच अडकलेल्या तेलाचा दाब उसळतो. गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठा फिरवावा, कारण बारीक छिद्रातून या दाबाने निघालेले तेल कातडीत शिरते. चाकाभोवती पत्र्याचे आवरण आणि साखळ्यांचा पडदा हवाच, कारण आपल्या बांधांत लाकडापेक्षा दगड जास्त निघतात. पहिल्यांदा चालवल्यावर टाकीची पातळी पुन्हा पाहावी. होज आणि मोटर भरताना बरेच तेल आत जाते.