चौथी पास झालेलं मूल इंग्लंडमध्ये कोणत्या वर्गात बसतं

२८ जून २०२६, रात्री

जून सरत आला की विचारणा सुरू होते. ऑगस्टमध्ये इंग्लंडला जातोय, मुलगी चौथी पास झाली, तिकडे पाचवीत घेतील ना? यावर आधी विचारायची गोष्ट एकच, मुलीची जन्मतारीख. टक्के, दाखला, शाळा कोणती, हे सगळं नंतर. तिथल्या सरकारी शाळेत वर्ग जन्मतारखेवरून ठरतो. १ सप्टेंबर ते पुढच्या वर्षीचा ३१ ऑगस्ट, या बारा महिन्यांत जन्मलेली मुलं एका वर्गात. नापास म्हणून मागे ठेवणं किंवा हुशार म्हणून एक यत्ता वर चढवणं क्वचितच होतं. चार वर्षं पूर्ण झाली की येणाऱ्या सप्टेंबरात रिसेप्शन, म्हणजे इयर १ च्या आधीचा वर्ग, पुढच्या सप्टेंबरात इयर १ आणि तिथून चढत इयर १३ पर्यंत.

आपल्याकडे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. दोन्ही नियम शेजारी ठेवले की कोडं सुटतं. एकाच बाकावर बसणारी दोन मुलं घेऊ, एकाचा जन्म मार्च २०१६चा, दुसऱ्याचा नोव्हेंबर २०१६चा. दोघंही जून २०२२मध्ये पहिलीत गेली आणि आता चौथी पास झाली. यंदाच्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये मार्चवालं मूल इयर ६ मध्ये बसेल, नोव्हेंबरवालं इयर ५ मध्ये. थोडक्यात, जन्म जानेवारी ते ऑगस्टमधला असेल तर इथे आता ज्या इयत्तेत बसणार (चौथी पास म्हणजे पाचवी) तिच्यात एक मिळवायचा, सप्टेंबर ते डिसेंबरमधला असेल तर आकडा तोच. मूल लवकर किंवा उशिरा शाळेत घातलं असेल तर हा हिशेब चुकतो. तेव्हा सरळ जन्मतारखेवरून मोजावं. स्कॉटलंडचं गणित याहून निराळं आहे. तिथे वर्ग साधारण मार्च ते फेब्रुवारी या जन्ममहिन्यांवर ठरतो आणि शाळा ऑगस्टच्या मध्यालाच भरते, त्यामुळे एडिंबराला जाणाऱ्यांनी लंडनच्या नातेवाइकांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.

मार्चवाल्या मुलाचं मला जास्त वाटतं. एक वर्ष वाचलं म्हणून घरात आनंद असतो, पण इयर ६ हे प्राथमिकचं शेवटचं वर्ष. माध्यमिक शाळेचा अर्ज त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे, जावा लागतो आणि १ मार्चच्या सुमारास शाळा कळते. केंट किंवा बकिंगहॅमशायरमध्ये ग्रामर स्कूलचा, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेचा, विचार असेल तर तिची निवड परीक्षा इयर ६ च्या सप्टेंबरातच होते आणि नोंदणी त्याआधीच उरकलेली असते. मे महिन्यात वर सॅट्स, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या देशव्यापी चाचण्या, असतात. ऑगस्टअखेर उतरलेल्या आईबापांना, घरात अजून गादी आलेली नसताना, दोन महिन्यांत माध्यमिक शाळा निवडायची असते. म्हणून इयर ६ लागणार असेल तर घर भाड्याने घेतानाच आसपासच्या माध्यमिक शाळांचे प्रवेशाचे निकष वाचून काढावेत.

अर्जाचा वेळ हा दुसरा घोळ. वर्षाच्या मधल्या प्रवेशासाठी काही ठिकाणी काउन्सिलकडे अर्ज करतात, काही ठिकाणी थेट शाळेकडे. ते काउन्सिलच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. उत्तर दहा दिवसांत द्यावं अशी अपेक्षा आणि पंधरा दिवसांत द्यायलाच हवं असा नियम. पण हे दिवस शाळा भरण्याचे मोजतात. जुलैच्या शेवटाकडे शाळा सुटल्या की साधारण सहा आठवडे मोजणी थांबते. २० जुलैला केलेल्या अर्जाचं उत्तर यायला सप्टेंबरचा तिसरा आठवडा उजाडू शकतो. तोवर मूल घरी, आणि आईबाप समजतात की आपलंच काही चुकलं. जमत असेल तर जूनमध्येच पोचून अर्ज टाकावा. पुष्कळ काउन्सिल मूल देशात आल्याशिवाय अर्ज पुढे सरकवत नाहीत, त्यामुळे पुण्यात बसून फॉर्म भरून ठेवल्याचा फारसा उपयोग नसतो.

पत्त्याचंही तसंच. जागा कमी पडतात तिथे घरापासूनचं अंतर फार मोजलं जातं. कंपनीने पहिल्या महिन्यासाठी दिलेल्या फ्लॅटच्या पत्त्यावर अर्ज केला तर एकतर तो पत्ता मानत नाहीत, नाहीतर शाळा तिथली मिळते आणि घर मिळतं भलतीकडे. भाडेकरार हातात आला की त्याच दिवशी अर्ज करावा. रिसेप्शन, इयर १ आणि इयर २ च्या वर्गात एका शिक्षकामागे तीसच मुलं ठेवायचा कायदा आहे. एकतिसाव्यासाठी कितीही रदबदली केली तरी अपिलात फार क्वचित यश येतं. प्रतीक्षायादीत मात्र नाव जरूर ठेवावं, कारण तिथला क्रम आधी कोण आलं यावर लागत नाही, निकषांवर लागतो. आज आलेलं जवळचं मूल वर सरकतं.

निघायच्या आधी जन्मदाखला एकदा उघडून बघावा. महाराष्ट्रातल्या कितीतरी दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना रिकामाच असतो, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. नाव घालून घ्यायला पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जावं लागतं. ते इथे असतानाच करावं. शाळा सोडल्याचा दाखला तिथे वर्ग ठरवायला लागत नाही, पण परत यायची वेळ आली तर इथे मागतात. फाइलमध्ये असू द्यावा.

लहानांची मला फार काळजी वाटत नाही. इयर १ च्या जूनमध्ये फॉनिक्सची तपासणी असते. एबीसीडी पाठ असण्यापेक्षा अक्षरांचे ध्वनी जोडून शब्द वाचता येणं तिथे महत्त्वाचं. इयर ४ मध्ये बारा बारेपर्यंतच्या पाढ्यांचे पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. घरी पाढे म्हणणाऱ्या मुलाला हे सोपं जातं. मराठी माध्यमातलं मूलही वयाच्याच वर्गात बसतं, इंग्रजीची मदत वेगळी मिळते. माध्यमिकला गणिताचे सेट, म्हणजे पातळीनुसार पाडलेले गट, असतात. इंग्रजी कच्चं म्हणून मूल खालच्या सेटमध्ये पडलं तर काही आठवड्यांनी गणित पुन्हा तपासायला शाळेला लेखी सांगावं.

खरी अडचण दहावी पास झालेल्यांची. जन्म १ सप्टेंबर २०१० किंवा त्यानंतरचा असेल तर दहावीची मार्कशीट हातात असूनही यंदा वर्ग मिळतो इयर ११, म्हणजे जीसीएसई या तिथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेचं शेवटचं वर्ष. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा, पैकी एक इतरांचं झालेलं. इंग्रजी साहित्यात शेक्सपिअरचं नाटक निम्मं शिकवून संपलेलं असतं. शाळांची परीक्षा मंडळंही वेगवेगळी, त्यामुळे एका शाळेचे धडे दुसरीला लागू पडतीलच असं नाही. इथे विषय कमी घेऊन इंग्रजी, गणित आणि विज्ञान धरावं असं माझं ठाम मत आहे. कारण इंग्रजी आणि गणितात ग्रेड ४ आला नाही तर सोळानंतरही ते विषय सोबत चालू ठेवावे लागतात.

मुलाला एक वर्ष खाली बसवा अशी विनंती करता येते. मुख्याध्यापकांना पत्र, जुन्या शाळेचे अहवाल, वैद्यकीय कारण असेल तर त्याचे कागद. निर्णय प्रत्येक मुलापुरता होतो. शाळेने जागा दिली पण हवा तो वर्ग दिला नाही, तर त्याविरुद्ध अपिलाचा हक्क नाही, तक्रार तेवढी करता येते. म्हणून पत्रात ‘तिची चौथीच झाली आहे’ एवढंच लिहून भागत नाही. तिला काय येतं, काय शिकवलंच गेलेलं नाही आणि वरच्या वर्गात नेमकं कुठे अडेल, हे विषयवार लिहावं लागतं.