तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मुलांचं इंग्रजी असं का झालं?’

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट-वेरिबीच्या पट्ट्यात मी एका चाइल्डकेअरमध्ये काम करते. तिथे भारतातून नुकते आलेले पालक संध्याकाळी मुलाला न्यायला येतात आणि दप्तर उचलता उचलता विचारतात, “ताई, हा ‘टुडे’ला ‘टुडाय’ म्हणायला लागलाय. आत्ताच लक्ष घातलं तर सुधारेल ना?” दुसरी बाजू पुण्या-ठाण्याकडची. व्हिडिओ कॉलवर माझ्या मुलीशी गप्पा झाल्या, ती उठून गेली, की मावशी आवाज खाली आणतात. “पोरगी गुणाची आहे गं, पण इंग्रजी असं काय बोलते? त्या क्रिकेटवाल्यांसारखं?” आमचा न्यू जर्सीचा भाचा ‘वॉटर’ला ‘वॉडर’ म्हणतो, त्याचं मात्र घरभर कौतुक असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलांच्या या ऑस्ट्रेलियन उच्चारावर काही करता येणार नाही, आणि करायला जाऊही नका.

माझ्या वर्गात तीन-चार वर्षांची मुलं आहेत. घरं पंजाबी, तेलुगू, व्हिएतनामी, फिलिपिनो, सामोअन. कित्येक पिढ्या इथेच असलेल्यांची एक-दोनच. शिकवणाऱ्या आम्ही तिघी, त्यातली एकही इथे जन्मलेली नाही. म्हणजे वर्गातल्या एकाही मोठ्या माणसाच्या तोंडी तो हेल नाही, तरी मुलांच्या तोंडी तो येतोच. नाशिकच्या घरातला एक मुलगा आला तेव्हा बरेच दिवस तोंडातून शब्द काढेना. वाळूच्या हौदाशी बसायचा आणि नुसता बघायचा. एक दिवस सामोअन मुलीने त्याची बादली ओढली, तसा तो ठणकावून म्हणाला, “नाऔ! इट्स मोइन!” त्या ‘नो’मध्ये तीन स्वर होते. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो, कारण हे त्याला आमच्यापैकी कोणी दिलेलं नव्हतं. मुलं बोलण्याची ढब आईबापांकडून थोडी आणि बरोबरच्या पोरांकडून जास्त घेतात.

ऑस्ट्रेलियन उच्चार मुळात जन्मला तो असाच, पोरांच्या खेळात. जानेवारी 1788 मध्ये 11 जहाजं सिडनीच्या किनाऱ्याला लागली. त्यांत कैदी, शिपाई, अधिकारी होते. बरेचसे लंडन आणि आग्नेय इंग्लंडकडचे, शिवाय बाकीच्या परगण्यांतले, आणि पुढच्या जहाजांतून पुष्कळ आयरिश. मोठी माणसं मरेपर्यंत आपापल्या गावचंच बोलली. पण इथे जन्मलेली मुलं एकत्र वाढली आणि त्यांनी या सगळ्याची घासून-पुसून एक नवी बोली केली. तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल की ते कैदी सदानकदा दारूत असायचे म्हणून हा उच्चार असा सैल. 2015 मध्ये ही कल्पना इथल्या वर्तमानपत्रात छापून आली आणि जगभर फिरली. भाषाशास्त्रज्ञांनी तेव्हाच ती खोडून काढली. तोंडात माश्या जाऊ नयेत म्हणून हे लोक ओठ मिटून बोलतात, ही गोष्टही त्याच पंक्तीतली. (माश्या मात्र खऱ्या आहेत. उन्हाळ्यात मैदानात उभं राहून बघा.)

गंमत अशी की सुरुवातीला या बोलण्याला कोणी नावं ठेवत नव्हतं. 1820 च्या सुमारास आलेल्या इंग्रज प्रवाशांनी तर लिहून ठेवलंय, की वसाहतीत जन्मलेल्या मुलांचं इंग्रजी इंग्लंडातल्या पुष्कळ भागांपेक्षा स्वच्छ आहे. तुच्छता आली ती नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी. शाळातपासनीस मुलांच्या स्वरांवर ताशेरे ओढू लागले, बऱ्या घरच्या मुलींना उच्चारांच्या शिकवण्या लावल्या जाऊ लागल्या. 1932 मध्ये एबीसी ही सरकारी नभोवाणी सुरू झाली. तिचे निवेदक वर्षानुवर्षं बीबीसीच्या थाटात बातम्या वाचत राहिले. देश एका तऱ्हेने बोलायचा आणि त्याचा रेडिओ दुसऱ्याच.

सिडनी विद्यापीठातले ए. जी. मिचेल 1940 च्या दशकात सांगू लागले, की या उच्चारात बिघडलेलं काही नाही, तो आपला आहे. पुष्कळांना ते रुचलं नाही. मग 1950 मध्ये ए. ए. फिलिप्स या मेलबर्नच्या लेखकाने या दुखण्याला नाव दिलं, ‘कल्चरल क्रिंज’. आपल्या माणसाने काही लिहिलं, गायलं, रंगवलं की त्याचा आनंद घ्यायच्या आधीच मनात येतं, लंडनचा एखादा सुसंस्कृत गृहस्थ याला काय म्हणेल? ते वाचताना मला ऑस्ट्रेलिया कमी दिसला आणि कोथरूड जास्त.

आपल्या कानाला तरी हा उच्चार कुठून माहीत? पहाटे पाचला उठून, गोधडीत बसून लावलेल्या सामन्यांतून. जानेवारी 1992 ची सिडनी कसोटी आठवते? शास्त्रीच्या 206 धावा, सचिनच्या नाबाद 148, आणि शेन वॉर्न नावाच्या कुण्या नवख्याला मिळालेला पहिला बळी, तोही शास्त्रीचाच. तेव्हापासून आमच्या घरात ऑस्ट्रेलियन समालोचक रिची बेनॉची नक्कल चालायची, ‘टू फॉर ट्वेन्टी-टू’चं ‘च्यू फॉर च्वेन्टी-च्यू’. हसण्याचं कारण काय, तर आमच्या लेखी खरं इंग्रजी लंडनचं. ती फूटपट्टी आम्हालाही साहेबानेच दिलेली आणि त्यांनाही. आणि पुण्यातल्या लोकांनी कशाला बोलावं? आपल्या नाटका-सिनेमात वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा किती वेळा नायक असतो आणि किती वेळा गडी?

एक फरक मात्र लक्षात घ्या. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते. इथे सिडनी ते पर्थ तीन हजारांहून जास्त किलोमीटर जा, कान बारीक केल्याशिवाय फरक कळत नाही. इथल्या उच्चारावरून माणसाचं गाव ओळखू येत नाही. त्याची ऐपत, त्याची शाळा आणि त्याला कोणासारखं दिसायचंय, एवढं बरोबर कळतं. मिचेल आणि त्यांचे सहकारी आर्थर डेलब्रिज यांनी सात हजारांवर शाळकरी मुलांची बोलणी तपासून 1965 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी तीन थर सांगितले: ब्रॉड म्हणजे रांगडा, कल्टिव्हेटेड म्हणजे साहेबी आणि जनरल म्हणजे मधला. साहेबी बोलणारी मुलं दहातलं एखादं, रांगडी साधारण एक तृतीयांश, उरलेली सगळी मधली. पुढच्या काळात तो साहेबी थर झिजतच गेला. आता तसं कोणी बोललं तर लोक गालात हसतात.

हे घडलं कसं? थोडं थट्टेतून. 1964 मध्ये चार्ल्स डिकन्सची पणती, लेखिका मोनिका डिकन्स, सिडनीत आपल्या पुस्तकावर सह्या देत होती. एक बाई पुस्तक पुढे करून म्हणाल्या, “एमा चिझिट.” हिने ते नाव समजून ‘एमा चिझिट यांस’ असं लिहून दिलं. बाई बिचाऱ्या किंमत विचारत होत्या, ‘हाउ मच इज इट’. ही बातमी छापून आली आणि लोकांनी स्वतःच्या बोलण्याची टर उडवण्याचा सपाटा लावला. त्याचं छोटं पुस्तकही निघालं आणि तडाखेबंद खपलं. स्वतःवर एवढं मोकळं हसता येतं तिथे लाज फार दिवस टिकत नाही.

आणि बरंचसं राजकारणातून. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व नावाची गोष्टच 1949 पर्यंत नव्हती. ही माणसं ब्रिटिश प्रजाजन होती. 1973 मध्ये ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरला, तेव्हा इथल्या लोण्याला आणि मटणाला कळलं की मायदेशाला आपली तेवढी गरज नाही. 1981 मध्ये मॅक्वारी शब्दकोश आला, इथल्या इंग्रजीचा स्वतःचा. 1984 मध्ये राणीच्या गाण्याच्या जागी स्वतःचं राष्ट्रगीत अधिकृत झालं, 1986 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करायची वाटही बंद झाली. आधीचे पंतप्रधान मेंझीस चक्क इंग्रजी थाटात बोलायचे. 1983 मध्ये आलेले बॉब हॉक ऑक्सफर्डला शिकलेले, पण बोलणं पबमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाने अमेरिकेकडून अमेरिकाज कप ही नौकाशर्यत जिंकली, तेव्हा त्यांनी टीव्हीवर सांगून टाकलं, की आज कामावर आला नाही म्हणून कुणाला काढेल तो साहेब नालायक. हे वाक्य साहेबी उच्चारात बोलून दाखवा बरं.

आता वाटेल, सगळं छानच झालं. तसं नाही. 2010 मध्ये ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान झाल्या. वेल्समध्ये जन्मलेल्या, लहानपणी ॲडलेडला आलेल्या. त्यांचा उच्चार रांगडा. हॉक यांच्या तोंडी जे दिलदार वाटायचं तेच त्यांच्या तोंडी कर्कश ठरलं. बाईने रांगडं बोललेलं अजून खपत नाही, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

आणि भाषेचा दरवाजा करायची इथली सवय जुनी आहे. 1901 च्या कायद्याप्रमाणे नको असलेल्या परक्याला युरोपातल्या कुठल्याही भाषेत श्रुतलेखन घालता यायचं. नापास झाला की परत पाठवायचं. गोऱ्यांचाच देश ठेवण्यासाठी ही युक्ती. 1934 मध्ये एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार आला. फॅसिझमविरुद्ध बोलायला आलेला, सरकारला नको होता आणि त्याला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत होत्या. मग त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये उतारा घातला! उच्च न्यायालयाने म्हटलं, कायद्याच्या अर्थाने ही युरोपीय भाषाच नव्हे. किश सुटला, स्कॉटिश लोक मात्र भडकले. ती परीक्षा 1958 मध्ये रद्द झाली. आता व्हिसासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षांपैकी एक कॉम्प्युटर घेतो. 2017 मध्ये एक आयरिश पशुवैद्य बाई, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या, त्याच्या तोंडी परीक्षेत कमी पडल्या. आमच्यातल्या पुष्कळांना तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माझा उच्चार आहे तसाच आहे. फोनवर आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगावं लागतं. एका मुलाखतीनंतर ‘कम्युनिकेशन’ कमी पडतं असं ऐकलं, त्याचा अर्थ मला कळला होता. कारकुनी कामं मुलगीच करते. विजेच्या बिलासाठी, दाताच्या डॉक्टरची वेळ घ्यायला ती फोन लावते, ‘हाय, हाओ आर या’ म्हणते आणि पाच मिनिटांत काम उरकतं. पलीकडच्याला काही वेगळं वाटतच नाही. तुम्ही जो उच्चार सुधारायला सांगता, तो इथे तिच्यासाठी एवढं काम करतो. आजीशी बोलताना तिचं मराठी पुष्कळसं पुणेरी असतं, थोडं ‘र’ गिळलेलं. त्याची काळजी मला जास्त आहे, म्हणून पालकांना सांगते, घरात मराठी भरपूर बोला. इंग्रजी तुमच्या हातात नाही.

फक्त हा उच्चार सगळं करील अशी आशा धरू नका. फोनवर तिला कोणी विचारत नाही ते समोर आल्यावर विचारतात. कुठली तू? ती सांगते, वेरिबी. नाही, म्हणजे मूळची? ती पुन्हा सांगते, वेरिबी, या वेळी आणखी हेल काढून.