सात मोरपिसं

आज सुट्टी. पॅलेस्टिनी लेखक घसान कनफानींची १९६९ सालची ‘हैफाकडे परतताना’ ही लघुकादंबरी वाचायला घेतली आणि समोरचा चहा तसाच निवला.

एप्रिल १९४८. पॅलेस्टाइनमधलं हैफा शहर, ज्यू सैन्याच्या हल्ल्यामुळे अरब रहिवासी पळत सुटलेले. नवऱ्याला शोधायला धावत बाहेर पडलेली सफिया गर्दीच्या लोंढ्यात बंदराकडे ढकलली जाते. पाच महिन्यांचं बाळ घरातच राहतं. जवळजवळ वीस वर्षांनी, १९६७च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, ती आणि सईद आपल्याच घराची बेल वाजवतात. दार उघडणारी बाई वेगळी. बैठकीत मोरपिसं मात्र तीच. सात होती, आता पाच. सईद ती मोजतो! लेक हरवलेला बाप पिसं मोजतो, तिथे मला रडू आवरेना.

संध्याकाळी आईला गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाळाचं नाव काय गं?”

खल्दून, आई.