फुल पीस कुठून घ्यायचा?

दुपारी जेवणं झाल्यावर एका बेडरूममध्ये फरशी घालत बसले होते. स्क्रीनवरच्या बेडरूममध्ये. ऑटोकॅडमध्ये, म्हणजे आम्ही प्लॅन काढतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, एच दाबायचा, एंटर मारायचा आणि खोलीच्या आत कुठेतरी क्लिक करायचं, की भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स हजर. ना सिमेंटच्या गोण्या, ना लिफ्टच्या दारात सांडलेली वाळू, ना कटरच्या आवाजाने वैतागून वर आलेल्या खालच्या काकू.

अर्थात हॅचचे, म्हणजे जागा नक्षीने भरणाऱ्या या कमांडचे, नखरे असतातच. कोपऱ्यात एक रेघ दुसरीला नीट टेकलेली नसली की तो अडून बसतो, हद्द बंद नाही म्हणतो, आणि मग झूम करकरून ती फट शोधायची. स्केलचा आकडा लहान पडला तर खोली काळीकुट्ट. मोठा पडला तर अख्ख्या खोलीत मिळून एकच रेघ, नाहीतर तीही नाही. याची सवय होते. मला सवय होत नाही ती दुसऱ्याच गोष्टीची. टाइल्स सुरू कुठून करायच्या हे तो विचारतच नाही. ड्रॉइंगचा शून्य-शून्य बिंदू कुठे असेल तिथून तो मोजायला लागतो, मग तो बिंदू कंपाउंडच्या बाहेर गटारावर का असेना. परिणामी बरोबर दारात, जिथे पहिलं पाऊल पडतं तिथे, चार बोटांची पट्टी येते.

प्लॅनवर ती पट्टी कुणी बघत नाही. मी बघते. ओरिजिन, म्हणजे तो शून्य-शून्य बिंदू, उचलून उंबरठ्यावर नेऊन ठेवल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

साइटवर मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारतो, "मॅडम, फुल पीस किधर से लूँ?" म्हणजे न कापलेली, अख्खी टाइल कुठून सुरू करू? त्याच्या दृष्टीने फरशीचं सगळं डिझाइन या एका प्रश्नात आलं. खोली दहा फूट दोन इंच निघाली की पाच टाइल्स आणि वर दोन इंच. ते दोन इंच कुठे लपवायचे? कपाटाखाली, पलंगामागे, दाराच्या पाठी. काही जण मध्यातून सुरुवात करतात, म्हणजे दोन्ही भिंतींना सारखे, चांगले तेरा-तेरा इंचांचे कट येतात. दिसतंही छान. तरी मला दारात फुल पीसच हवा. का, ते विचारू नका. लोक घरी जेवायला बोलावतात, कौतुकाने नवा सोफा दाखवतात आणि मी त्यांच्या उंबरठ्याशी सांधे बघत उभी असते.

हाताने प्लॅन काढायचे तेव्हा हे दुखणं नव्हतं. ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगचं ०.१ चं पेन, गुडघ्याला लागणारा ड्रॉइंग बोर्ड. अख्खी खोली भरत बसायला वेळ होता कुणाला? कोपऱ्यात आठ-दहा चौकोन काढायचे आणि पुढे रेघा विरवून टाकायच्या. बाकीची फरशी बघणाऱ्याने समजून घ्यायची. अमोनियाच्या वासासकट निळी प्रिंट हातात आली की ती विरलेली फरशी फार देखणी वाटायची. कॉम्प्युटर असं अर्धवट सोडत नाही, शेवटच्या चौकोनापर्यंत भरून मोकळा होतो.

हॅचच्या नमुन्यांच्या यादीत तरी काय काय आहे! हेरिंगबोन आहे, लाकडी पट्ट्यांचं पार्के आहे, काँक्रीटचे ठिपके आहेत. आपल्या शहाबादीसाठी, कोटा फरशीसाठी काही नाही. आणि मोझेकसाठी? वाळूचा ठिपक्यांचा हॅच आहे, तो टाकून वेळ मारून नेतात. पण ज्याने मोझेकवर पालथं पडून मे महिना काढलाय त्याचं ठिपक्यांवर कसं भागणार?

आमच्या ठाण्याच्या घरात मोझेक होता. पांढऱ्या सिमेंटमध्ये काळ्या, पिवळ्या आणि मधूनच हिरव्या चिपा. दुपारी गाल थंडगार लादीला लावून पडलं की त्या चिपांमध्ये माणसं, जनावरं दिसायला लागत. फ्रिजसमोरच्या लादीवर उंट होता. खिडकीखाली नथ घातलेली बाई होती. उंट माझा, बाई दादाची. यावरून मारामाऱ्या झाल्यात. मोरीच्या दाराशी एक लादी जरा काळपट होती, पाइप गळला तेव्हा फोडून नवी बसवलेली. तिच्यात कधीच काही दिसलं नाही, म्हणून ती कुणाचीच नव्हती.

आजोळी दादरला त्याहून थाट. तिथे रंगीत सिमेंटच्या नक्षीच्या लाद्या, भोवती वेगळी किनार. स्वदेशीच्या वाऱ्यात १९२२ साली मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज निघाली आणि अशा लाद्या इथे व्हायला लागल्या. धातूच्या साच्याच्या खणांत एकेक रंग ओतायचा, पाठीवर सिमेंट भरायचं, दाबायचं आणि पाण्यात मुरवायचं. भट्टी नाहीच. आजोळची ती किनार चारी भिंतींशी कुठेही न कापता पुरी झाली होती. कुणीतरी आधी बसून हिशोब केला असणार.

ठाण्याच्या मोझेकवर पुढे दादाने चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवून घेतल्या. फोडाफोडी नको म्हणून जुन्यावरच नव्या. दारं खालून अर्धा इंच तासावी लागली. उंट आहे तिथेच आहे म्हणायचा.

चकचकीतवरून आठवलं. हॅचमध्ये ग्लॉसी आणि मॅट एकच दिसतात. तेच चौकोन, त्याच रेघा. ज्यांचा हा प्लॅन आहे त्यांना झुंबर खाली उमटेल अशी फरशी हवी आहे, घरभर, सलग. त्यांच्या वडिलांचं वय एक्याऐंशी. रात्री दोनदा तरी उठतात, ओल्या पायांनी बाथरूममधून पलंगापर्यंत येतात. त्या पट्ट्यावर मी 'मॅट' असं लिहिलंय, अक्षर जरा मोठंच. फोनवरही सांगितलं. "बघू, दुकानात गेल्यावर ठरवू," म्हणाले.