लंडनचे बंद फलाट: फुटपाथवर पैसे घालवू नका

लंडनच्या भुयारी रेल्वेची बंद स्थानकं दाखवणाऱ्या सफरीसाठी माणशी ३८ पौंड मोजून मी आणि माझा मावसभाऊ दोन तास फुटपाथवर उभे होतो. जाहिरातीत भुयारातल्या गोल जिन्याचा फोटो होता आणि वर 'लंडनच्या पोटातली बंद स्थानकं' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. प्रत्यक्षात एक पायरीसुद्धा खाली उतरलो नाही. बाहेरून दोन-तीन जुन्या इमारती दाखवल्या, एका ठिकाणी तर 'इथे स्थानक होतं' म्हणून एका नव्या ऑफिसच्या इमारतीकडे बोट दाखवलं. म्हणून आधीच सांगतो: बुकिंग करताना 'आपण जमिनीखाली जाणार का, आणि कुठल्या स्थानकात?' हे लेखी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पैसे देऊ नका.

पैशांपेक्षा मला जास्त राग आला तो गोष्टींचा. ब्रिटिश म्युझियम स्थानक का बंद झालं, असं मी विचारलं तर गाइडने ममीच्या भुताची कथा सांगितली. खरं कारण ऐकण्यासारखं आहे आणि ते कुणी सांगतच नाही. १९०० मध्ये सेंट्रल लाइनवर हे स्थानक सुरू झालं. सहा वर्षांनी हाकेच्या अंतरावर पिकाडिली लाइनचं होबर्न स्थानक उघडलं. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी स्थानकं, त्यामुळे गाडी बदलायची तर लिफ्टने वर या, रस्त्याने चालत जा आणि पुन्हा लिफ्टने खाली उतरा. शेवटी होबर्नलाच सेंट्रल लाइनचे फलाट बांधले, सरकते जिने बसवले आणि २४ सप्टेंबर १९३३ रोजी ब्रिटिश म्युझियम स्थानकाला कुलूप लागलं.

चार दिवस फिरून माझं मत पक्कं झालंय: लंडनमधल्या बंद स्थानकांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी लिफ्टचा इतिहास आहे. लेस्ली ग्रीन या वास्तुकाराची ती गडद लाल टाइल्सची स्थानकं तुम्ही पाहिली असतील. पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या अर्धगोल खिडक्यांमागे लिफ्टची यंत्रं असत. १९३० च्या आसपास बऱ्याच स्थानकांत लिफ्टच्या जागी सरकते जिने आले आणि स्थानकांची तोंडंच हलली. हाइड पार्क कॉर्नर आणि डोव्हर स्ट्रीट (आताचं ग्रीन पार्क) इथे सरकते जिने बसले. मधल्या डाउन स्ट्रीटला आधीच प्रवासी कमी, कारण तो पैसेवाल्यांचा भाग. ते २१ मे १९३२ ला बंद झालं. नाइट्सब्रिजला नवं तोंड ब्रॉम्प्टन रोडच्या बाजूला उघडलं आणि १९३४ मध्ये शेजारचं ब्रॉम्प्टन रोड स्थानक संपलं. साउथ केंटिश टाउनची तऱ्हा वेगळी. जून १९२४ मध्ये लॉट्स रोडच्या वीजकेंद्रात संप झाला, वीज गेली, स्थानक बंद ठेवलं. वीज परत आली, पण स्थानक पुन्हा उघडलंच नाही.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते. जमिनीखाली खरोखर जायचं असेल तर लंडन ट्रान्सपोर्ट म्यूझियमच्या 'हिडन लंडन' सफरी बघा. महाग आहेत, तारखा मर्यादित असतात आणि जागा पटापट जातात, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी ही तारीख बघा. आम्हाला डाउन स्ट्रीट मिळालं नाही, ऑल्डविच हे दुसरं बंद स्थानक मिळालं. वेळ एकासाठीच असेल तर ऑल्डविच करा, दुसरा विचार नको.

स्ट्रँड रस्त्यावरच्या लाल दर्शनी भागातून आत शिरलं की हिरव्या टाइल्स, लाकडी तिकीट खिडक्या आणि समोर लिफ्ट. त्या लिफ्टपाशी पाच मिनिटं थांबा, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. १९०७ मध्ये स्थानक उघडलं तेव्हा लिफ्टसाठी तीन विहिरी खणल्या, पण लिफ्ट बसल्या त्यातल्या एकाच विहिरीत. बाकीच्या दोन कोऱ्याच राहिल्या. म्हणजे गर्दी येईल हा अंदाज पहिल्या दिवसापासूनच चुकला होता. होबर्नहून निघालेला पिकाडिली लाइनचा हा फाटा एका स्थानकापुरताच. १९१४ मध्ये पूर्वेकडचा फलाट वापरातून काढला. पहिल्या महायुद्धात त्यावर नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित ठेवली. दुसऱ्या महायुद्धात १९४० ते १९४६ फाटा बंद होता, लोक बॉम्बपासून वाचायला इथे झोपायचे आणि बोगद्यात ब्रिटिश म्युझियममधली ग्रीसच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं होती. नंतर १९६२ पासून गाड्या फक्त गर्दीच्या वेळी. शेवटी दिवसाला जेमतेम ४५० प्रवासी उरले आणि १९०७ च्या लिफ्ट बदलायला सुमारे ३० लाख पौंड लागणार असं दिसलं. ३० सप्टेंबर १९९४ ला विषय संपला.

खाली उतरताना गोल जिना आहे, दीडशेच्या वर पायऱ्या. उतरताना काही वाटत नाही. फलाटावर गेल्यावर भिंतीजवळ जा. पूर्वेकडच्या फलाटावर एकाच भिंतीवर वेगवेगळ्या स्थानकांच्या टाइल्सचे नमुने दिसतात, कारण दुसरीकडे बसवायच्या आधी सजावट इथे लावून बघत. एका टाइलचा कोपरा निघाला होता आणि खाली जुनी चुन्याची भिंत दिसत होती. मी तिथेच रेंगाळलो, सोबतच्या लोकांनी दोनदा हाक मारली. पश्चिमेकडच्या फलाटावर रूळ अजून आहेत आणि तिथे सिनेमांचं चित्रीकरण चालतं. बंद फलाटाला पोटापाण्यासाठी मिळालेलं हे काम मला तरी चांगलं वाटलं. त्यामुळेच तो झाडून-पुसून ठेवला जातो.

वर येताना मात्र मांड्या भरून येतात. बंद बूट घाला, पाठीवरची पिशवी हलकी ठेवा, कठड्याच्या बाजूने चढा. पाणी आधीच पिऊन घ्या.

आणि त्याच दिवशी आमची मोठी चूक झाली. फुटपाथवाल्या गाइडने सांगितलं होतं की कोव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग टाळा, जिना वापरा, 'खास अनुभव' आहे. ऑल्डविच करून आम्ही होबर्नला चालत गेलो, एक स्थानक गाडीने आलो. लिफ्टसमोर गर्दी होती, आम्ही जिन्याकडे वळलो. १९३ पायऱ्या. तिथे पाटी लावलेली आहे: आणीबाणीशिवाय हा जिना वापरू नका. पंधरा मजली इमारतीइतका तो चढ आहे आणि गोल फिरत असल्याने वरचं टोक कधी येणार ते कळतच नाही. शंभराव्या पायरीच्या आसपास एक बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, श्वास लागला होता. भाऊ म्हणाला, "दादा, मागे फिरूया." पण मागून माणसं येत होती, फिरायला जागा नव्हती. त्या बाईंना पाणी दिलं, हात धरून थांबत थांबत वर आणलं. अख्ख्या सहलीतला सगळ्यात वाईट टप्पा तोच. दम्याचा, हृदयाचा किंवा गुडघ्याचा कुठलाही त्रास असेल तर तिकडे फिरकूही नका, रांगेत उभे राहा. ऑल्डविचला लिफ्टवर ३० लाख का घालायचे हा प्रश्न कागदावर सोपा दिसतो. कोव्हेंट गार्डनच्या जिन्यावर कळतं की लिफ्ट नसेल तर इतक्या खोल फलाटाला अर्थच उरत नाही.

चेरिंग क्रॉसचा दिवस सोपा गेला. जुबिली लाइनचे फलाट १९७९ मध्ये उघडले, लाइन वेस्टमिन्स्टरकडे वळवली म्हणून १९९९ मध्ये बंद झाले. नवेकोरे वाटतात, सरकत्या जिन्याने जाता येतं. पायांना त्रास असेल त्यांनी ऑल्डविचऐवजी ही सफर बघावी.

राहिलं फुकटचं. होबर्न ते टॉटनहॅम कोर्ट रोड सेंट्रल लाइनने जा, फोनचा उजेड बंद करा, काचेला कपाळ टेकून दोन्ही हातांनी डोळ्यांभोवती आडोसा करा. काळ्या बोगद्यात मध्येच पांढऱ्या टाइल्स सरकून जातात, ते ब्रिटिश म्युझियम. फलाट काढून टाकलेत, भिंत तेवढी आहे. आम्हाला तिसऱ्या फेरीत दिसलं, पहिल्या दोन वेळा मी चुकीच्या बाजूला बसलो होतो. म्हणून दोघांनी दोन बाजूंना बसा.

दुसरं ठिकाण ग्रीन पार्क ते हाइड पार्क कॉर्नर, पिकाडिली लाइन. बोगद्याचं गोल लोखंडी अस्तर संपून एकदम विटांची सपाट भिंत लागते. ते डाउन स्ट्रीट. दुसऱ्या महायुद्धात रेल्वेचा कारभार इथून चालायचा, चर्चिलही काही वेळा इथे मुक्कामाला असत, म्हणून फलाटाच्या कडेने भिंत घातली आणि माणसांना ड्रायव्हरच्या डब्यात चढता यावं इतकाच छोटा तुकडा मोकळा ठेवला. सकाळी दहानंतर जा, डबे रिकामे असतात आणि काचेशी कुणी उभं नसतं. आम्ही चार वेळा गेलो, चौथ्या वेळी भाऊ ओरडला, "दादा, विटा!"