तबकडी सोडवेना

१९८०च्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी कॅसेट भरून देणारे एखादे तरी दुकान असे. आवडीच्या गाण्यांची यादी कागदावर लिहून न्यायची, कोरी कॅसेट तिथेच विकत घ्यायची, आणि दोन-चार दिवसांनी गेले की दुकानदार आपल्याजवळच्या रेकॉर्डवरून ती दोन्ही बाजूंनी भरून, आतल्या कार्डावर गाण्यांची नावे सुवाच्य अक्षरांत लिहून हातात ठेवी. हा व्यवहार बेकायदेशीर होता आणि त्यात कलावंतांचे नुकसान होते, याबद्दल दुमत नाही. मात्र गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आहे, ते त्या यादीत स्वच्छ लिहिलेले असे. एच.एम.व्ही. या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापनाला ते वेळेवर वाचता आले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाईट वाटते, कारण नाट्यपदे, भावगीते, अभंग, लावण्या असा आपल्या संगीताचा केवढा तरी ठेवा याच कंपनीच्या कोठारात होता. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित करणारी ही कंपनी. पुढे कित्येक दशके देशातला बाजार जवळजवळ तिच्या एकटीच्या मुठीत राहिला आणि पॉलिडॉर ही रेकॉर्ड कंपनी वगळता मोठा प्रतिस्पर्धी असा नव्हताच. एकाधिकाराची सवय जडली की विकणाऱ्याच्या सोयीलाच मागणी समजले जाते. कारखान्यातून निघतील तेवढ्याच तबकड्या शहरांतल्या ठरावीक दुकानांत पोहोचत, जुन्या गाण्यांच्या आवृत्त्या मागणी असूनही सहसा निघत नसत, आणि ज्याच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नाही तो कंपनीच्या हिशेबात गिऱ्हाईकच नव्हता.

दरम्यान आखातात नोकरीला गेलेली माणसे टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र, घेऊन घरी परतू लागली होती. कोकणात तर ज्या घरांत कधी तबकडी आली नव्हती, तिथे थेट टेपरेकॉर्डर आला. एच.एम.व्ही.नेही कॅसेटी काढल्या, पण त्या महाग होत्या आणि निवडही तुटपुंजी. गुलशन कुमार यांनी १९८३ साली सुरू केलेल्या सुपर कॅसेट्सने किंमत खाली आणली आणि पानाच्या टपऱ्यांवर, किराणा दुकानांतही माल ठेवला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मूळ ध्वनिमुद्रण एकदा झाले की पूर्वसूचना व मानधन देऊन तेच गाणे दुसऱ्या आवाजात काढण्याची जी तरतूद कॉपीराइट कायद्यात होती, तिच्या आधारे त्यांनी अनुराधा पौडवाल, सोनू निगम यांच्या आवाजांत जुनी गाणी बाजारात आणली. त्यावरून कज्जे झाले आणि मूळ गाण्याचे चाहते हळहळले. तरीही मला वाटते, मूळ गाणे परवडेल अशा किमतीत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असते, तर या नकलांना एवढा उठाव मिळाला नसता.

२०००च्या सुमारास सारेगामा हे नाव घेतलेल्या याच कंपनीने २०१७ साली पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ हा रेडिओसारखा संच बाजारात आणला, आणि बटण दाबताच गाणे लागते म्हणून ज्येष्ठांनी तो डोक्यावर घेतला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. त्यातली कितीतरी गाणी १९८० सालीही कंपनीजवळच होती, आणि त्यांच्यासाठी पैसे मोजायला तयार असलेला श्रोता तेव्हा कॅसेट भरून घ्यायला रांगेत उभा होता.