आखाजीला भरलेलं ऑइल घटस्थापनेला वाढलेलं

या वेळी जुन्या पद्मिनीत अल्टरनेटर बसवण्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. ज्या वाचकांनी त्याच्या ब्रॅकेटची मापं मागितली आहेत त्यांनी जरा थांबावं. २१ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, शेडमधल्या माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीवरचा कपडा काढला, बॉनेट उघडलं, ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक ओढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही काडीभर वर. पुसून पुन्हा बुडवली. तेवढंच.

आपल्या गाड्यांचं ऑइल कमी होतं, वाढत कधी नाही. वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी आलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काय केलं होतं ते मागे सविस्तर लिहिलं आहे, म्हणून थोडक्यात. पूर्वी मी दसऱ्याला गाडी बाहेर काढली की ऑइल बदलायचो. गेल्या वर्षापासून ते उलटं केलं. गाडी झाकायच्या आधी, ३० एप्रिलला, पारोळ्यापर्यंत जाऊन येऊन इंजिन चांगलं तापवलं आणि गरम असतानाच ऑइल चेंबरचा खालचा नट खोलून जुनं ऑइल काढलं, नवं भरलं. जुन्या ऑइलमध्ये जळणातून आलेलं आम्ल असतं, काजळी असते, पाण्याचा अंश असतो. ते पाच महिने बेअरिंगला लागून राहू द्यायचं आणि मग बदलायचं, याला काही अर्थ नाही. नवं ऑइल नुसतं भरून ठेवल्याने पाच महिन्यांत बिघडत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती चाक धरून ठेवते, म्हणून आखाजी ते दसरा गाडी उभीच. हिशोब पक्का होता. मग हे वाढलं कशाने?

पहिला संशय पाण्याचा. हेडगॅस्केट, म्हणजे रेडिएटरचं पाणी ऑइलपासून वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं. डिपस्टिकवर तसं काही नव्हतं. ऑइल भरायच्या टोपणाच्या आतल्या बाजूला मात्र पिवळसर सायीसारखा थर होता, नखाने निघेल इतका. रेडिएटर काठोकाठ भरलेला. मग डिपस्टिक नाकाशी धरली. पेट्रोल! दोन बोटांत ऑइल चोळलं तर तार धरत नव्हतं, पाण्यासारखं निसटत होतं. जुन्या वर्तमानपत्रावर एक थेंब टाकून अर्धा तास ठेवला. मधे गडद ठिपका आणि भोवती दूर पसरलेली फिकट कड. डब्यातल्या ताज्या ऑइलचा थेंब शेजारीच टाकला होता, तो आटोपशीर गोल राहिला. ही परीक्षा फुकट आहे, प्रत्येकाने गाडी सुरू करायच्या आधी करावी.

मी स्टार्टरला हात लावला नाही. पातळ झालेल्या ऑइलवर थंड इंजिन फिरवणं म्हणजे बेअरिंग कोरडी घासणं.

शेतावर राहणाऱ्या धाकट्या चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, "दादा, तुम्हीच बोलले होते ना, बॅटरी उतरू देऊ नको. दर रविवारी पाच मिनिटं चालू करत होतो." तो काळजीनेच करत होता आणि सांगणारा मीच, दोन वर्षांपूर्वी. आज मी ते सांगणार नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर वाफ निघून जाते. पाच मिनिटांत चेंबरमधलं ऑइल कोमटसुद्धा होत नाही, वाफ आतच थंड होऊन बसते. टोपणाखालची साय तीच. वर चोक ओढलेला, म्हणजे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये.

इथे मला वाटलं, उत्तर मिळालं. ऑइल काढून टाकलं, दुधाच्या लिटरच्या मापाने मोजलं, तेव्हा ते उत्तर मोडलं. आखाजीला किती ओतलं ते डब्यावर मार्करने लिहिलेलं होतं. निघालं ते त्यापेक्षा निदान ४०० मिली जास्त. वीस रविवार धरले तर दर खेपेला २० मिली. पाच मिनिटांच्या आयडलिंगला जेमतेम ८०-१०० मिली पेट्रोल लागतं, त्यातला पाचवा हिस्सा रिंगांवरून उतरला हे पटेना. आणि रिंगा एवढ्या गेल्या असत्या तर मार्चमध्ये धूर दिसला असता.

अमळनेरातल्या माझ्या जुन्या मिस्त्रींना फोन केला. आता दुकान मुलगा पाहतो, पण त्यांचं ऐकूनच मी या गाड्यांमध्ये पडलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बापू, तेल वाढी गयं म्हंजे पेट्रोल उतरी ऱ्हायनं. पंप खोल."

टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलणारा, इंजिनावरचा पंप खोलला. दोन बोल्ट, दोन पाइप. आत जाणाऱ्या तोंडावर बोट ठेवून लिव्हर मारला, ओढ धरतच नव्हती. वरचं झाकण काढलं तर पेट्रोल ओढणारा रबरी पडदा फुगून मऊ झालेला आणि मधल्या वॉशरच्या कडेने अर्धचंद्रासारखी चीर. पडदा जुन्या काळच्या रबराचा, आणि आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. नव्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं असतं, आपलं नाही. पाच महिने तेच पेट्रोल पडद्याला भिजवत बसलं होतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं. पडदा फाटला तर पेट्रोल तिथून बाहेर ठिबकावं आणि आपल्याला कळावं, एवढ्यासाठीच ते असतं. माझं भोक बंद होतं. कुंभारमाशीने त्यात मातीचं घर केलेलं, वाळून विटेसारखं झालेलं. तारेने कोरलं तर आतून मातीची नळी अखंड निघाली, त्यात एक सुकलेला कोळी. बाहेरची वाट बंद, म्हणून पेट्रोलने पडद्याच्या दांड्याच्या सीलवरून आतली, इंजिनातल्या ऑइलकडची वाट धरली. ते भोक मोकळं असतं तर शेडच्या फरशीवर डाग दिसला असता आणि मी मे महिन्यातच सावध झालो असतो. ती नळी मी काड्यापेटीत जपून ठेवली आहे.

जळगावातून आणलेल्या पहिल्या किटचा पडदा साध्या रबराचाच निघाला. दुकानदाराला इथेनॉलचं विचारलं तर म्हणाला, सगळे हेच नेतात. परत केला. दुसरा मुंबईहून मागवला, व्हायटॉनचा, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा. किंमत दुपटीहून जास्त, पण माझ्या मते जुन्या गाडीत आता दुसरं काही घालूच नये. सुट्या ऑइलबद्दल माझं मत जुनंच: सीलबंद डबा, साधं मिनरल २०W-४०. महाग सिंथेटिक घेण्यापेक्षा तेच वेळेवर बदला.

जोडणी झाल्यावर आधी स्वस्त ऑइल भरलं. कॉइलची वायर काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला. मग वायर लावून पंधरा मिनिटं चालवलं आणि गरमच काढून टाकलं. मग नवा फिल्टर, नवं ऑइल. शेजारच्या शेतकऱ्याने वाळवीसाठी खांबांना लावायला जळकं ऑइल मागितलं होतं. पेट्रोल मिसळलेलं म्हणून नाही दिलं, विहीर जवळ आहे. डब्यात बंद करून भंगारवाल्याकडे गेलं.

२ ऑक्टोबरला झेंडू लावून, नारळ फोडून पारोळ्याला जाऊन आलो. परत आल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहिली: दोन खुणांच्या मधे, मधासारखं, वासाला स्वच्छ. स्टेअरिंगवरचा गिअर तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना इंजिनाचा तो एकसारखा आवाज पाच महिन्यांनी ऐकला, अंगावर काटा आला.

पुढच्या आखाजीला टाकी आणि पंपाच्या मधे एक पितळी कॉक बसवायचा विचार आहे. तो बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे पंप आणि कार्ब्युरेटरमधला फ्लोट चेंबर दोन्ही कोरडे. हे लिहितानाच शंका आली की कोरडा पडदा कडक होईल का. जुन्या रबराचा झाला असता, व्हायटॉनला मी एक उन्हाळा देऊन बघतो. जादा किट घरात आहेच. इलेक्ट्रिक पंप सुचवू नका, या इंजिनावर तो मला नको.

रविवारचं पाच मिनिटांचं काम बंद. बॅटरी घरी आणून चार्जरवर. महिन्यातून एकदा प्लग काढून हँडलने चार फेरे, रिंगा चिकटू नयेत एवढ्यापुरते. आणि ज्याला मधे सुरू करायचीच असेल त्याने किमान अर्धा तास रस्त्यावर चालवावी, नाहीतर हात लावू नये.

पुढची आखाजी १९ एप्रिल २०२६ ला. तोपर्यंत हेच ऑइल. पंपाच्या त्या भोकाला आता बारीक तांब्याची जाळी लावली आहे, पेट्रोल गळेल पण माशी शिरणार नाही. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटची मापं या रविवारी घेतो.